डुकरासाठी कोणता छर्रा?

कापसाच्या भावाचा प्रश्न सभेत सगळ्यांसमोर, उभे राहून विचारला जातो. हा प्रश्न मात्र सभा संपल्यावर, मंडपाच्या मागे, हळू आवाजात येतो. "भाऊ, छर्ऱ्याची बंदूक घेतली. डुकरासाठी छर्रा कोणता आणू? टोकाचा आणू का गोल डोक्याचा? दुकानदार म्हणते टोकाचा न्या, आरपार जाते."

गेल्या हंगामात इतक्या गावांत हा प्रश्न आला की त्याचे उत्तर एकदा छापूनच टाकावे असे ठरवले. छापायला आणखी एक कारण आहे. हेच उत्तर आम्ही काही वर्षांपूर्वी एका गावच्या बैठकीत तोंडी दिले होते आणि ते चुकले होते. "हलका छर्रा आणा, जनावर मरणार नाही, नुसता चटका बसेल, पुन्हा त्या धुऱ्याकडे फिरकणार नाही," असे आम्ही शेतकीच्या पदवीच्या तोऱ्यात सांगून आलो. बंदुकीचा आणि आमचा तोवर जत्रेतल्या फुग्यांपुरताच संबंध होता. पण सभेत माणूस विचारतो तेव्हा 'माहीत नाही' म्हणायला जीभ वळत नाही. पुढाऱ्यांचा हा रोग आम्हालाही होता.

त्या गावातल्या आमच्याच एका कार्यकर्त्याने बंदूक आणली, हलके छर्रे आणले. तुरीत जागलीला बसला. रात्री दीडच्या सुमारास तुरीच्या ओळीत खसफस झाली, बॅटरी टाकली तर दोन डोळे चमकले. त्याने घोडा ओढला. ते डोळे डुकराचे नव्हते. शेजाऱ्याचा बैल दावे तोडून तुरीत शिरला होता. बैलाचा डावा डोळा गेला. आम्ही शेजाऱ्याच्या अंगणात माफी मागायला गेलो तेव्हा घरची म्हातारी एवढेच म्हणाली, "आता डाव्या अंगाला जुंपला की बिचकते तो." दोन घरांचे बोलणे आजही बंद आहे. डुकरे त्या साली आली, पुढल्या सालीही आली.

तेव्हा शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, या वेळी नीट माहिती घेऊन लिहितो आहोत.

आधी छर्रा म्हणजे काय ते पाहू. हवेच्या बंदुकीचा छर्रा म्हणजे शिशाचा एक छोटा डमरू. पुढे भरीव डोके, मध्ये बारीक कंबर, मागे पोकळ घागरा. आपल्याकडे बहुतेकांजवळ नळी मोडून भरायची स्प्रिंगची बंदूक असते. नळी मोडली की आतली स्प्रिंग दबते. घोडा ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो आणि दट्ट्यापुढे दाबली गेलेली हवा छर्ऱ्याला मागून लोटते. फवारणीच्या पंपातला दट्ट्या आणि वायसर ज्याने उघडून पाहिला आहे त्याला हे लगेच समजेल. हवेचा दाब घागऱ्यात शिरतो, घागरा किंचित फुगतो आणि नळीच्या आतल्या आट्यांना घट्ट बसतो. आट्यांमुळे छर्ऱ्याला गिरकी मिळते आणि गिरकीमुळे तो सरळ जातो. घागरा चेपलेला असेल तर हवा बाजूने निसटते, छर्रा कुठल्या कुठे जातो. म्हणून छर्रे सदऱ्याच्या खिशात बिडी-काडीबरोबर सुटे टाकून फिरणाऱ्याने नेमाची अपेक्षा करू नये. ते डबीतच ठेवावेत.

डोक्याचे प्रकार चार. चपट्या डोक्याचा छर्रा कागदावर गोल स्वच्छ भोक पाडतो, म्हणून स्पर्धेत तोच वापरतात. गोल डोक्याचा छर्रा हवा सर्वांत चांगली कापतो आणि थोडे लांब अंतर असले तरी चाल सोडत नाही. टोकाचा छर्रा दिसायला जहाल, पण शिसे मऊ असते. डबीत एकमेकांवर आपटून त्याचे टोक मुडपते, आणि मुडपलेल्या टोकाचा छर्रा वाकडा जातो. डोक्यात खळगा असलेला छर्रा आत गेल्यावर पसरावा अशी त्याची रचना असते, पण साध्या बंदुकीच्या वेगात तो फारसा पसरत नाही आणि लांबवर भरकटतो. दुकानदार टोकाचा छर्रा पुढे करतो कारण तो काचेच्या कपाटात चांगला दिसतो. बियाण्याच्या पिशवीवरचे बोंड जितके मोठे तितका त्या पिशवीचा खप जास्त, तसेच हे.

दुसरी गोष्ट वजनाची. साडेचार मिलिमीटरच्या छर्ऱ्याचे वजन ग्रेनमध्ये लिहिलेले असते. साध्या स्प्रिंगच्या बंदुकीला ७ ते ८ ग्रेन, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, वजनाचा छर्रा मानवतो. सोनाराच्या भाषेत चार गुंजा. याहून फार हलका, मिश्रधातूचा छर्रा घातला तर दट्ट्यासमोर पुरेसा अटकाव राहत नाही, दट्ट्या नळीच्या तोंडावर आदळतो आणि बंदूक लवकर कामातून जाते. छर्रा न भरता रिकामी बंदूक उडवल्यावर होते तेच हे, थोड्या कमी प्रमाणात. फार जड घातला तर बंदुकीला तो रेटत नाही. खोक्यावर वेगाचे मोठमोठे आकडे छापलेले असतात. ते सहसा सर्वांत हलक्या छर्ऱ्यावर मोजलेले असतात. आणि छर्रा आवाजाच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरच्या आसपास, गेला की त्याचा तोल बिघडतो, नेम सुटतो. तेव्हा वेगाच्या आकड्याला भुलण्यात अर्थ नाही.

लोखंडी गोळ्या आटे असलेल्या नळीत घालू नयेत. आटे घासून जातात आणि दगडावर, पत्र्यावर लागलेली गोळी उलटून मारणाऱ्याच्याच डोळ्याकडे येते. शिशाचा छर्रा निदान चपटा होऊन पडतो. पण शिसे म्हणजे विष आहे. भरायला सोपे म्हणून चार छर्रे दातांत धरून बसणारी पोरे आम्ही पाहिली आहेत. फवारणीचे औषध बोटाने चाखून पाहणारा आणि हा, दोघे एकाच वर्गातले. छर्रे हाताळल्यावर हात धुवावे, मग भाकरीला हात लावावा.

इतके झाल्यावर नेमका कोणता घ्यायचा? ते दुकानदार सांगू शकत नाही आणि आम्हीही सांगू शकत नाही. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेल्या दोन बंदुकींच्या नळ्याही वेगवेगळ्या छर्ऱ्याला राजी असतात. ज्याला जाणून घ्यायचे त्याने वाणाची चाचणी घेतात तशी चाचणी घ्यावी. गोल डोक्याचे दोन-तीन वजनांचे छर्रे थोडे थोडे आणावेत, मागे मातीचा उंच बांध असेल अशा जागी पंचवीस पावलांवर कागद लावावा, बंदूक पोत्यावर टेकवून प्रत्येकाचे पाच-पाच छर्रे मारावेत. ज्याची पाच भोके सर्वांत जवळ पडली तो छर्रा त्या बंदुकीचा. भोके कागदाच्या मध्यभागी पडली नाहीत तरी चालेल, ती एकत्र पडली पाहिजेत. मध्यभागी आणायला बंदुकीवरची दुर्बीण किंवा माशी सरकवता येते.

छर्रा निवडायची एवढीच विद्या आहे. कागदासाठी, डब्यासाठी, गावच्या पोरांना नेमबाजीची गोडी लावण्यासाठी ती पुरेशी आहे. २००८ साली बीजिंगला अभिनव बिंद्राने सुवर्णपदक मिळवले ते याच साडेचार मिलिमीटरच्या छर्ऱ्याने, दहा मीटरवरून. त्या कागदावर दहा गुणांचा जो ठिपका असतो तो अर्धा मिलिमीटरचा, ज्वारीच्या दाण्याच्या आठव्या हिश्शाइतका रुंद. छर्ऱ्याचे खरे काम ते.

आता डुकराकडे येऊ.

अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने निघाला तर त्याच्यात किती जोर असतो? शाळेतल्या पदार्थविज्ञानाने हिशोब केला तर १० जूल. एक किलोचा गोटा एक मीटर उंचीवरून, म्हणजे कमरेइतक्या उंचीवरून, सोडला तर जमिनीवर जेवढा जोर बसतो तेवढा. छर्ऱ्याचे टोक बारीक असल्याने तो जोर एका जागी लागतो, म्हणून कातडी फुटते, डोळा फुटतो. पण जोर तेवढाच. पन्नास-साठ पावलांवर तोही साधारण निम्म्यावर येतो. त्याच्या शेजारी बारा बोअरच्या काडतुसाचा हिशोब मांडा. तीस ग्रॅमच्या आसपास शिसे, सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास वेग. जोर दोन हजार जूलच्या पुढे. दोनशे पटीचा फरक आहे. हा फरक छर्ऱ्याला टोक काढून भरून निघत नाही.

आणि समोर कोण आहे? भरलेला नर डुक्कर शंभर किलोच्या पुढेही जातो. त्याच्या खांद्यावर कातडीखाली जाड चिवट थर असतो. नर एकमेकांशी झुंजतात तेव्हा सुळ्यांपासून वाचवायला निसर्गाने दिलेली ढालच ती. वरून राठ केस, त्यावर चिखलाचे लिंपण. रोहीचा नर दोनशे किलोच्या पुढे. छर्रा या जनावरांच्या कातडीत किंवा कातडीखालच्या मांसात अडकतो. जनावर त्या रात्री पळते, शेतकऱ्याला वाटते काम झाले. दोन दिवसांनी कळप परत येतो. छर्रा लागलेले जनावर जखम चिघळून कुठल्या तरी नाल्यात आठ-पंधरा दिवसांनी मरते, नाहीतर दुखऱ्या अंगाने तुरीत दडून बसते आणि सकाळी कापूस वेचायला आलेल्या बाईवर धावू शकते. जनावरे मारू नयेत असे आम्ही म्हणत नाही. ते पुढे येईलच. पण जे मारायचे ते एका दमात मारावे, हे आपल्या आज्यांनाही कळत होते. कुजवून मारणे ही ना शेती, ना शिकार.

"डोळ्यात मारला तर?" असे एक-दोघे विचारतात. रात्री, बॅटरीच्या उजेडात, हलत्या जनावराच्या डोळ्यात. त्याचे उत्तर वर दिलेच आहे. ते बैलाने दिले.

म्हणून सरळ सांगतो: डुकरासाठी आणि रोहीसाठी योग्य असा छर्रा जगात कुठेच नाही. टोकाचाही नाही, जडही नाही. त्याच्यासाठी पैसे खर्च करू नका.

काही जण म्हणतात, मग साडेपाच मिलिमीटरची, पॉइंट टू-टूची बंदूक घेऊ. दुकानात मागच्या दाराने मिळतेही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे नळी साडेचार मिलिमीटरपर्यंत आणि जोर २० जूलपर्यंत असेल तरच हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. त्यावर गेलात की ते परवान्याचे हत्यार झाले. दुकानदाराचे काही जात नाही, शस्त्र कायद्याचा गुन्हा तुमच्यावर लागतो. आणि एवढे करून २० जूलच्या जागी ३० मिळाले तरी डुकराला काय फरक पडतो?

आणखी एक कायदा आहे, त्याची माहिती फार थोड्यांना असते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. ठार मारणे तर आलेच. मारण्याचा प्रयत्न केला, जखमी केले, तरी ती शिकार. म्हणजे "साहेब, मी तर नुसता छर्रा मारला" हा बचाव नाही, ती कबुली आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. मोर आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांच्यासाठी किमान तीन वर्षे. ज्वारीवर बसलेल्या पोपटालाही कायद्याचे संरक्षण आहे. ज्वारीला कोणत्याच अनुसूचीत जागा नाही.

आता या सगळ्याकडे जरा लांबून पाहा. जे हत्यार निरुपयोगी आहे ते कोणालाही, परवान्याशिवाय, तालुक्याच्या बाजारात मिळते. जे उपयोगी आहे त्यासाठी कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. ही योजना कोणी बसून आखली असेल असे आम्ही म्हणत नाही. पण आखली असती तर यापेक्षा वेगळी झाली नसती.

गंमत अशी की कायदा शेतकऱ्याच्या बाजूने आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचे कलम १३ काढून वाचा. त्याच्या तिसऱ्या पोटकलमात लिहिले आहे की खरोखर पिकाच्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना द्यावा. 'देता येईल' असा तिथला शब्द नाही, 'द्यावा' असा आहे. पुढे हेही लिहिले आहे की ठासणीची बंदूक पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर आटे नसलेल्या नळीची दुसरी बंदूकही पीक रक्षणासाठी देता येईल. नाकारण्याचे अधिकार कलम १४ मध्ये आहेत, पण नाकारताना कारण लेखी नोंदवावे लागते. ते मागण्याचा अर्जदाराला हक्क आहे, जरी सार्वजनिक हिताच्या नावाखाली तेही अडवता येते. वर अपील आहे.

हे कलम आपल्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत आज्याच्या नावची ठासणीची बंदूक होती. आजा गेला, परवाना नावावर करून घ्यायला कोणी गेले नाही, किंवा गेले आणि तिसऱ्या खेपेला कंटाळले. बंदूक ठाण्यात जमा झाली ती झालीच. ज्यांच्याकडे परवाना उरला आहे त्यांच्यावर निवडणूक आली की बंदूक जमा करण्याची वेळ अनेकदा येते. २०२४ ची विधानसभा २० नोव्हेंबरला झाली. कापूस वेचणीला, तूर फुलावर. मतदानाचा दिवस डुकरांनाही कोणीतरी कळवायला हवा होता.

जनावराच्या बाजूनेही असेच. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाला धोका असेल तर परवानगीने जनावर मारण्याची सोय पहिल्यापासून आहे. २०१५ साली आपल्या राज्याने रोही आणि रानडुक्कर यांच्या परवानगीची पद्धत ठरवणारा आदेशही काढला. पण वनखात्याची परवानगी मिळाली तरी मारायचे कशाने? परवान्याची बंदूक गावात नाही. एका खात्याने 'मारा' म्हणून कागद द्यायचा आणि दुसऱ्या खात्याने बंदूक द्यायची नाही. मग शेतकरी छर्ऱ्याच्या दुकानात जाणार नाही तर कुठे जाईल? कोणी धुऱ्याला जिवंत तार लावतो. त्या तारेला कधी डुकराआधी माणूस चिकटतो, कधी लावणाऱ्याच्याच घरचा. कोणी कार्बाइडचा बार करतो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात त्याच कार्बाइडच्या पाइपांनी किती पोरांचे डोळे गेले ते सर्वांनी वाचले आहे.

रोहीला काही मंडळी 'नीलगाय' म्हणतात आणि हात जोडतात. आपल्याकडे तिला कोणी गाय म्हणत नाही, रोहीच म्हणतात. दिसायला ते हरणासारखे, शास्त्राच्या हिशोबाने मात्र गायीच्याच कुळातले रानटी जनावर आहे. असो. हात जोडणाऱ्यांनी एक रात्र तुरीत काढावी, एवढीच विनंती.

इतर राज्यांत काय झाले ते पाहू. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर उपद्रवी म्हणून ठराविक मुदतीसाठी जाहीर केले. २०१६ मध्ये उत्तराखंडात डुकरांसाठी आणि हिमाचलात माकडांसाठी तसेच केले. २०२२ साली केरळने रानडुकराला मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांच्या अध्यक्षांना दिला. परवानाधारक बंदूकवाल्यांची यादी ठेवायची, तक्रार आली की त्यांना बोलवायचे. आम्हाला यातला केरळचा रस्ता पटतो. सगळ्या गावाने बंदुका घ्याव्यात असे आमचे म्हणणे नाही. घरोघरी बंदूक आली तर आज धुऱ्यावरून जी भांडणे काठीने होतात ती कशाने होतील याचा विचारही आम्हाला नकोसा वाटतो. पण दर गावात पाच-सात जबाबदार माणसांकडे परवान्याची बंदूक असावी, ग्रामपंचायतीच्या ठरावावर त्यांना बोलवता यावे, आणि मारलेल्या जनावराचा पंचनामा दुसऱ्या दिवशी व्हावा, यात अवघड काय आहे? आमच्यातल्या काही सहकाऱ्यांचे मत वेगळे आहे. त्यांना वाटते जनावरांची मालकी सरकार सांगते, तर राखणही सरकारनेच करावी आणि नुकसानही पूर्ण भरून द्यावे. तत्त्व म्हणून ते बरोबर आहे. आमचा सावकार आपल्या गायी आमच्या शेतात सोडून वर आम्हालाच काठी उचलू देत नसता तर आम्ही काय म्हटले असते? पण सरकारी राखणदार येईपर्यंत तूर उरायची नाही.

भरपाईचे म्हणाल तर नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केले की खरीप २०२६ पासून वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान पीक विम्यात जादा संरक्षण म्हणून घेता येईल, ७२ तासांत मोबाइलवर फोटोसह कळवायचे. त्यासाठी राज्याने जनावरे आणि भाग अधिसूचित करायला हवेत. आपला तालुका त्या यादीत आहे का, हे पहिल्यांदा कृषी कचेरीत जाऊन विचारा, आणि उत्तर लेखी मागा.

आता ज्वारीबद्दल, कारण पाखरांसाठी छर्रा विचारणारेही बरेच आहेत. पाखराला छर्रा लागतो आणि पाखरू मरते, हे खरे. पण हजारांच्या थव्यातले एक मारून ज्वारी वाचत नाही, आणि कायद्याचे वर सांगितलेच. पाखरे वाढली असे सगळे म्हणतात. आम्हाला वाटते पाखरांपेक्षा ज्वारी घटली हे जास्त खरे. पूर्वी शिवारात समजा चारशे एकर ज्वारी असे. तोच थवा चारशे एकरांवर पसरला तर कोणाच्याच कणसांना झळ लागत नसे. आज त्याच शिवारात चार एकर ज्वारी आहे, बाकी सोयाबीन आणि पऱ्हाटी. तो सगळा थवा त्या चार एकरांवर उतरतो. दाणे चिकात आले की पंधरा-वीस दिवस पहाटे आणि संध्याकाळी माचावर माणूस हवा. पूर्वी घरची म्हातारी, शाळेतून आलेले पोर गोफण घेऊन बसे. आता त्याला मजुरी पडते, आणि राखणीची मजुरी ज्वारीच्या भावातून निघत नाही. पावसात काळी पडलेली ज्वारी व्यापारी कोणत्या भावाने घेतो ते सांगायला नको. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गहू दोन रुपयांना आणि तांदूळ तीन रुपयांना दिला, २०२३ पासून तर फुकट. मग भाकरीची ज्वारी पिकवून कोण कोणाला विकणार? त्याच २०२३ साली भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे झाले. ज्वारीला 'श्री अन्न' म्हणून मखरात बसवले. राखणीचा खर्च हमीभावाच्या हिशोबात पुरता धरा, ही मागणी आपण कितीदा केली? तेव्हा मात्र मखर रिकामे.

चार एकरवाल्याने एकट्याने ज्वारी पेरण्यापेक्षा आठ-दहा जणांनी लागून लागून, एकाच आठवड्यात, सारख्याच मुदतीचा वाण पेरावा. दाणे एकदम चिकात येतात, थवा विभागला जातो, राखण वाटून घेता येते. आमच्या माहितीतल्या दोन गावांनी हे केले आणि त्यांची ज्वारी घरी आली. गोफणीला पैसे पडत नाहीत आणि तिचा कायद्याशी तंटा नाही.

जिल्हा मेळाव्यात पीक रक्षणाच्या बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज एकत्र भरायचे ठरले आहे. एकट्याचा अर्ज टेबलाखाली जातो, तीनशे अर्ज एका दिवशी आवकजावकला पडले तर कारण लेखी द्यावे लागेल. येताना सातबारा, आधार, गेल्या दोन वर्षांतल्या नुकसानीचे पंचनामे किंवा वनखात्याकडे दिलेल्या तक्रारीची पोच, आणि घरात आज्या-पणज्याच्या परवान्याचा जुना कागद असेल तर तो आणावा. जागलीच्या रात्रींचा हिशोबही हवा आहे: यंदा किती रात्री, घरचे किती, मजुरीचे किती. तो एका कागदावर लिहून आणला तर मोर्चाच्या निवेदनात घालता येईल. छर्ऱ्याची बंदूक मेळाव्याला आणू नये. मागच्या खेपेला दोघांनी आणली होती.